होकार

शर्वरीनं डावी टाच दाबली की टांग्यातून सोडवून आणलेली घोडी मुकाट उजवीकडे तिरपी सरकायची. अडायची फक्त उडीसाठी लावलेल्या आडव्या बांबूपाशी. आज पुन्हा अडली, तर उस्ताद तिला परत टांग्याला धाडणार होते.

"टाचा खाली!" उस्ताद ओरडले.

"हो."

"नजर पलीकडे!"

"हो, हो!"

बांबू वीस पावलं लांब असतानाच घोडी थांबली. मग शर्वरीला एकदम आठवलं, टांगेवाले घोडं थांबवताना "होऽ हो"च म्हणतात! आणि दर वेळी बांबूपाशी ती स्वतः घाबरून तेच म्हणत होती.

तिनं टाच मारली.

"ही शेवटची संधी. समजलं ना?" उस्तादांनी दटावलं.

शर्वरीनं ओठ घट्ट मिटले.

"अगं, तोंड शिवलंय का?"

बांबू जवळ आला. घोडीनं झेप घेतली.

पलीकडे उतरल्यावर शर्वरी वाकून तिच्या कानात हळूच म्हणाली, "होऽ."

घोडी थांबली.