लव्हाळ्यातला भुंगेरा

गुडघाभर चिखलात उभं राहून तिने जाळी पुन्हा एकदा पाण्यात बुडवली. वर आलं ते कुजलेलं गवत आणि दोन गोगलगायी.

ती शोधत होती एक तांबूस भुंगेरा. मोहरीच्या दाण्याहून जरासा मोठा, कुणाच्या खिजगणतीतही नसलेला. तो फक्त याच दलदलीत सापडायचा, आणि आता इथून रस्ता जायचा होता. भुंगेरा उरलेला नाही, असा तज्ज्ञाचा दाखला मिळाला की भराव पडणार. त्या दाखल्यासाठीच रस्ता बांधणाऱ्या कंपनीने तिला नोकरीवर घेतलं होतं.

रोज संध्याकाळी मुख्य अभियंता, म्हणजे तिचे साहेब, फोन करायचे. मिळाला का, एवढंच विचारायचे. ती नाही म्हणाली की "बरं" म्हणून ठेवून द्यायचे.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. इतकी वर्षं घरी बसल्यावर नोकरी लागलीय, कशाला उगाच चिखल उपसत बसतेस? सासूबाईंनी मात्र तिचे बूट धुऊन उन्हात ठेवले. "शोधायचं तर नीट शोध," म्हणाल्या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी लव्हाळ्याच्या बुंध्याशी तिने बोट फिरवलं, तर काहीतरी टुणकन उडून मनगटावर बसलं. तांबूस. तिने पाती बाजूला केली. आणखी होते. पाण्यात अळ्याही वळवळत होत्या.

तिला हसू आलं. मग तिने मान वळवून पाहिलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. नुसता हात झटकला असता तरी भागलं असतं.

तिने दुसऱ्या हाताने फोन लावला.

"साहेब, मिळाला."

"आणखी कुणी पाहिलाय?"

"नाही. मी एकटीच आहे."

"म्हणजे तुम्ही नाही म्हणालात, तर कुणाला कळायचं नाही."

"पण मी पाहिलाय, साहेब." नोकरी गेली असं ती धरूनच चालली होती. "दाखला मला देता यायचा नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग साहेब हलक्या आवाजात बोलू लागले.

"फोटो नीट काढा. दलदलीला वळसा घालणारा रस्ता मी केव्हाच आखून ठेवलाय, पण कंपनीचे मालक ऐकेनात. आता त्यांना ऐकावंच लागेल. दुसऱ्या कुणी चिखलात पायही न घालता दाखला दिला असता. म्हणून तर तुम्हाला घेतलं."