तांडेलाची दारू

"दारू?" मिताली डॉक्टरांनी विचारलं.

"रोज," काशिराम म्हणाला. मान खाली, आवाज मात्र ठणठणीत.

"खोटं बोलतोय गो बाय!" शेजारी बसलेली त्याची आई, भामा, ताडकन उठली. "वास याच्या सदऱ्याला येतो, तोंडाला नाय. मी हुंगून बघितलाय."

पनवेलच्या त्या दवाखान्यात अडतीस वर्षांचा काशिराम चांगलाच पकडला गेला. करंजा बंदरात तो तांडेल होता, बोटीचा कप्तान. चार महिने तोल जात होता, सकाळी डोकं ठणकून ओकाऱ्या व्हायच्या. मग हा गडी सदऱ्यावर दारू शिंपडून फिरू लागला. त्याचं गणित सोपं होतं. बेवडा सकाळी शुद्धीवर येतो, पण आजारी तांडेलाबरोबर कुठला खलाशी दर्यात जाईल? आणि सुकाणू गेलं तर काशिराम उरला किती! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

एमआरआयमध्ये लहान मेंदूत गाठ दिसली. ऑपरेशन झालं, गाठ तपासून आली आणि डॉक्टरच चक्रावल्या.

"ही लहान मुलांना होणारी गाठ आहे. मोठ्यांमध्ये वर्षाला दहा लाखांत एखाद्याला, तीही क्वचित. तुम्ही बोलला नसता, आजी, तर मीही दारूलाच दोष दिला असता."

"पोराचाच आजार ना?" भामा म्हणाली. "मंग बरोबर जागी आलाय."

पुढं सहा आठवडे रेडिएशन, मग औषधं, मग भिंत धरून पुन्हा चालायला शिकणं. बंदरावर मात्र त्यानं आईला शपथ घालून सांगायला लावलं, की दारू सोडवायला ठेवलंय. भामा चरफडली, पण शपथ मोडली नाही.

दोन वर्षांनी रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरांनी फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. काशिराम गेला आणि आला, पाऊल इकडचं तिकडं झालं नाही. भामानं तिथल्या तिथं कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

"आता खुशाल जा दर्यावर," डॉक्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो कुणाचाही हात न धरता बोटीवर चढला. पाचही खलाशी हजर होते. दोन वर्षं म्हाताऱ्या हिराजीनं सुकाणू धरलं होतं. दुसऱ्या बोटींवरून बोलावणी आली, तरी एकही जण हलला नव्हता. काशिरामला स्वतःची लाज वाटली.

"मी कंदी प्यायलोच नाय," तो म्हणाला. "डोक्यात गाठ व्हती. कळलं तर तुमी सोडून जाल, म्हनून खोटं बोललो."

पाचही जण एकमेकांकडे बघून हसले. हिराजी सुकाणूवरून बाजूला झाला.

"वास सदऱ्याला, तोंडाला नाय, ते आमालाबी कळत व्हतं. बेवडा असतास तर कवाच सोडून गेलो असतो रे. आजारी हायेस, म्हनून तर थांबलो."