पायाला कळणारी वाट

जिन्याच्या पहिल्या पायरीवर बाबांचा पाय पडणार, तेवढ्यात मुलीने मागून त्यांचा सदरा धरला. शिवण उसवली, पण बाबा वाचले.

"बाथरूम इकडेच होतं ना?" त्यांनी विचारलं.

"तिकडे मागे राहिलं, बाबा."

"अस्सं," ते म्हणाले, आणि भिंत चाचपत मुकाट्याने उलटे वळले.

आजारपणात त्यांची दृष्टी गेली त्याला वर्षही झालं नव्हतं. उभी हयात त्यांनी बस चालवली होती. आख्खं शहर त्यांना तोंडपाठ होतं, आणि आता घरातला एक बोळ त्यांना चकवत होता. बोळाच्या एका टोकाला त्यांची खोली, दुसऱ्या टोकाला बाहेरचं दार, आणि दाराला लागूनच जिना. मधे कुठे गिरकी झाली की दिशा हरवायची. काठीचं नाव काढलं की ते चिडायचे. "काठी म्हातारे घेतात," असं सत्तरीतला हा माणूस म्हणायचा.

दिवसा त्यांच्याजवळ आत्या असायची. सदऱ्याचा प्रकार ऐकून तिने कपाळाला हात लावला. "मी पोळ्या लाटू, की दादाच्या मागे धावू? तू कामाला गेलीस की दाराला बाहेरून कडी घालत जा. मी आहे ना आत."

"कडी नको," मुलगी म्हणाली. "मी बघते काहीतरी."

ती एका कारखान्यात चटया आणि पायपुसण्यांचे नमुने करायची. बघणाऱ्याला काय आवडेल, याचाच विचार तिने आजवर केला होता. न बघणाऱ्यासाठी नमुना करायचा म्हटल्यावर तिचं डोकं चालेना. तिने बोळात दोरी बांधली आणि तिला गाठी मारल्या. पण गाठी दोन्हीकडून सारख्याच लागत. मग तिने मण्यांची चटई अंथरली, पण मणी तळव्यांना टोचत. बाबा दोन पावलं चालले आणि म्हणाले, "माझा काही गुन्हा झालाय का?"

एका दुपारी ती कारखान्याच्या मागच्या आवारात डबा खायला बसली होती. कुंपणाला उंच गवत माजलं होतं. जेवण झाल्यावर तिने एक लांब पातं तोडलं आणि उगाच चाळा म्हणून बोटांमधून ओढलं. बुंध्याकडून टोकाकडे बोटं अलगद सरकली. टोकाकडून बुंध्याकडे आणली, तर खरखरून अडली. दुसऱ्यांदा जरा जोरात ओढलं आणि बोट कापलं. रक्त चोखत ती आत धावली आणि भिंगाखाली पातं धरलं. कडेला बारीक दाते होते, सगळे एकाच बाजूला कललेले. एकच पातं, पण जाताना वेगळं आणि येताना वेगळं.

त्या दिवशी ती बोटाला पट्टी बांधायची विसरली.

तिने काथ्याचे ताठ धागे एकाच बाजूला कलतील असे विणून बघितले. पहिला तुकडा पायाला टोचला. दुसऱ्यातले धागे मऊ पडले, काही कळेचना. ती रोज एक तुकडा घरी आणायची, अनवाणी होऊन, डोळे मिटून त्यावर पाय ओढत चालायची. आत्या दारातून बघायची आणि मान हलवायची. शेवटी एक तुकडा जमला. एका दिशेने पाऊल आपोआप पुढे सरकायचं. उलट दिशेने तळव्याला धाग्यांची टोकं भिडायची, आणि न दुखता पाऊल अडायचं.

सुट्टीच्या सकाळी तिने बोळभर चटई अंथरली आणि कडा चिकटपट्टीने पक्क्या केल्या.

"बाबा, पाय उचलू नका. ओढत चला."

ते दाराच्या टोकापर्यंत गेले. तिथून खोलीपर्यंत आले. मग पुन्हा निघून मधेच थांबले, जाणूनबुजून स्वतःभोवती फिरले, पाऊल पुढे सरकवून बघितलं आणि न चुकता दाराशी गेले. भिंतीला हातसुद्धा लावला नाही. आत्याने पदर डोळ्यांना लावला.

"झकास जमलंय," बाबा म्हणाले. "फक्त उलटी अंथरलीस."

"उलटी नाही, मुद्दामच तशी घातलीय. खोलीकडे पाय सरकतो. दाराकडे अडतो. म्हणजे जिना जवळ आला हे तुम्हाला कळेल."

"चटई संपली की दार आलं, एवढं कळतं मला. उलटी कर."

"दादा, पोरीने एवढा जीव ओतलाय," आत्या म्हणाली. "तू पडू नयेस म्हणूनच ना?"

बाबा तळव्याने धागे चाचपत होते.

"आत यायला मला बळ लागत नाही गं," ते मुलीला म्हणाले. "बाहेर पडायलाच लागतं. आणि तिथेच तू मला अडवतेस."

मुलीने आत्याकडे बघितलं. आत्याने नजर वळवली. मग मुलगी गुडघ्यांवर बसली, नखाने चिकटपट्टी उकलली, चटई गुंडाळली आणि उलट्या दिशेने पुन्हा अंथरली. बाबा खोलीच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

त्यांनी पाऊल टाकलं. या वेळी ते चालत गेले ते दारापाशी थांबलेच नाहीत. डाव्या हाताने चौकट धरली, उजव्या हाताने जिन्याचा कठडा शोधला आणि पायरी उतरले. मुलीचा हात त्यांच्या सदऱ्याकडे गेला. मग तिने तो मागे घेतला.