अर्धं चित्र

स्वयंपाकघराची फरशी उकरताना ओरेस्तेला खाली रोमन काळातलं रंगीत खड्यांचं चित्र सापडलं. "कुठे बोललीस तर पुराणवस्तूवाले येऊन काम दहा वर्षं बंद पाडतील," त्याने बायकोला, नुन्झियाला, बजावलं.

रविवारी दोघं गावातल्या संग्रहालयात गेली. त्यांच्याच गल्लीतली फ्लाविया तिथे गाईड होती. भिंतीवर लावलेलं तसंच खड्यांचं फुटकं चित्र दाखवत ती सगळ्यांना म्हणाली, "हा पळणारा ससा. मागे बहुधा कुत्रा असावा, पण तो तुकडा अजून सापडलेला नाही."

"कुत्रा कसला गं, कोल्हा आहे!" नुन्झिया बोलून गेली. ओरेस्तेने कपाळावर हात मारला.



फ्लाविया तिच्या कानाशी लागून पुटपुटली, "हळू बोला, काकू. कोल्ह्याच्या मागचा शिकारी आमच्या न्हाणीघराखाली आहे."