तंदुरुस्तीचा शेरा

"दोन्ही हात सरळ पुढे धरा, सर. बोटं पसरून."

सर्जनसाहेबांनी हात पुढे केले. डावा स्थिर राहिला. उजव्याची बोटं थरथरली. त्यांनी खांदा आवळला, श्वास रोखून धरला. उपयोग झाला नाही.

लष्करी रुग्णालयातल्या त्या तपासणीच्या खोलीत दोघंच होते. समोरची डॉक्टर मेजर होती, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ते लेफ्टनंट कर्नल. कर्नल होण्याची ही त्यांची तिसरी आणि शेवटची संधी होती. बावीस वर्षं ते ऑपरेशन टेबलापाशी उभे राहिले आणि फायली सांभाळणारे भराभर वर चढले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाला आता तेच सलाम ठोकत होते. या वेळी मात्र निवड मंडळाच्या यादीत त्यांचं नाव आलं होतं. मुख्यालयातली कागदी कामाची खुर्ची जवळपास ठरली होती. उरला होता तो फक्त तंदुरुस्तीचा शेरा. सकाळी निघताना बायको म्हणाली होती, "या खेपेला तरी कुणाशी वाकडं घेऊ नका."

"कधीपासून आहे हे?" मेजरनं विचारलं.

"काल नीट झोप झाली नाही, त्यामुळे असेल."

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"आठ महिने," ते म्हणाले. "बोभाटा झाला असता तर यादीत नावच आलं नसतं."

या आठ महिन्यांत त्यांनी दोनशेच्या वर ऑपरेशनं केली होती. त्यातलं एक दोघांनाही आठवलं. तेवीस वर्षांचा सैनिक, पित्ताशयातले खडे, रोजचंच काम. सुरी जिथे जायला नको तिथे गेली. तिसऱ्या दिवशी पोरगा तिच्याच अतिदक्षता विभागात दगावला. कागदावर 'अनपेक्षित गुंतागुंत' असं लिहिलं गेलं. लिहिणारे सर्जनसाहेबच होते.

"तुला टाका घालायला मी शिकवलं," ते हळूच म्हणाले. "आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागतोय."

तिनं पेन उचललं. हातांच्या रकान्यात 'निर्दोष' लिहिलं. खाली 'बढतीसाठी तंदुरुस्त' असा शेरा मारला, सही केली, शिक्का उमटवला.

त्यांचे डोळे भरून आले. "तुझे उपकार कसे फेडू? माझ्यासाठी तू खोटं लिहिलंस."

"तुमच्यासाठी नाही, सर." तिनं कागद त्यांच्याकडे सरकवला. "खरं लिहिलं असतं तर बढती थांबली असती, ड्युटी नाही. इथे सर्जन दोनच आहेत. उद्या सकाळी पुन्हा तुम्हीच टेबलापाशी उभे राहिला असता. मुख्यालयातल्या कर्नलच्या हातात कुणी सुरी देत नाही."