घुमटाखालची जागा

"या दालनात माणसं किती मावतील?" शंकररावांनी विचारलं.

"चाळीसेक," पीटर म्हणाला.

सुलेखाने वळून बाबांकडे, शंकररावांकडे, पाहिलं. श्रूजबरीच्या घरून वूस्टरच्या या जुन्या दफनभूमीत यायचा हट्ट बाबांनी सलग तिसऱ्या रविवारी धरला होता.

ते एका गिरणीमालकाच्या घराण्याचं थडगं होतं. थाट मात्र राजवाड्याचा. ग्रॅनाइटचे खांब, ब्राँझचे दरवाजे, रंगीत काचा, वर गोल घुमट. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले श्रीमंत मेल्यावरही ऐटीतच राहत. गळक्या घुमटाच्या दुरुस्तीचं काम आर्किटेक्ट सुलेखाकडे होतं, दगडकाम पीटरकडे.

पीटरबद्दल घरी आणखीही काही सांगायचं होतं. पण उन्हाळ्यात बाबांची बायपास झाली आणि डॉक्टरांनी बजावलं, धक्का नको. तेव्हापासून पीटर म्हणजे नुसता 'कलीग'.

"आतलं काम कधी संपेल?" बाबांनी विचारलं.

"मे महिन्यात," ती म्हणाली. "बाबा, इट्स कोल्ड. घरी जाऊ या ना."

"मेपर्यंत थांबता येईल मला."

ते खिशातून मोजायची टेप काढून पीटरकडे गेले. खांबाआड दोघं बराच वेळ बोलत राहिले. पीटर मधूनच हसला. सुलेखाला त्याचा रागच आला. हसण्यासारखं काय होतं?

परतताना बाबा खुशीत होते. "स्तूपासारखा दिसतो गं तुझा घुमट."

"बाबा, ती ग्रेव्ह आहे."

"मग स्तूपात तरी काय असतं? अस्थीच ना?"

ती ड्राइव्ह करत राहिली. ज्या माणसाने नागपूरहून इथे येऊन हिमतीने संसार उभा केला, तो आता स्वतःच्या मरणाची व्यवस्था लावत होता. तिला रडू आवरेना.

घरी आई, रमाबाई, नागपूरहून आलेलं पार्सल उघडत होती. आत बाबासाहेबांचा फ्रेम केलेला फोटो होता, आणि त्याखाली पांढरीशुभ्र रेशमी साडी.

पांढऱ्या साडीतल्या बायका सुलेखाने व्हीसीआरवरच्या हिंदी सिनेमात पाहिल्या होत्या. त्या कोण असतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ही तुम्ही मागवलीत?" तिने बाबांना विचारलं.

"हो. मावशीने निवडली. छान आहे ना?"

"बाबा, यू आर गेटिंग बेटर. डॉक्टर सेड सो. मग हे सगळं कशाला?" तिने साडी बाजूला सारली. "आई ही साडी कधीच नेसणार नाही. मी नेसू देणार नाही."

रमाबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. शंकररावांनी साडीची घडी उलगडली आणि लेकीच्या खांद्यावर टाकली.

"आईला कशाला? आपल्याकडे नवरी पांढरीच नेसते, बाळा. मे महिन्यात, तुझ्या घुमटाखाली लग्न लावू. पीटरच्या कुर्त्याचं मापसुद्धा मी आज घेऊन आलोय."