निळं रबर

"कुंडी कुठे गेली?" धाकटीने विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"कामवाल्या मावशींनी सकाळी गच्चीत नेऊन ठेवली," जिराफ म्हणाली. ताडमाड उंच, म्हणून ती जिराफ. "मुंग्या झाल्यात म्हणे नुसत्या. तुला कशाला हवीय?"

"काही नाही. कोपरा रिकामा दिसला, म्हणून."

कोपऱ्यात फरशीवर कुंडीच्या बुडाचा गोल डाग तेवढा राहिला होता. गेलं वर्षभर दर शनिवारी संध्याकाळी धाकटीचा ग्लास त्या कुंडीत रिकामा होत आला होता.

वर्गात वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तिचं नावच धाकटी पडलं होतं. ती पीत नव्हती. तिचे बाबा प्यायचे, आणि त्या वासाबरोबर घरात काय काय यायचं ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं. तिने कुणाला शब्द दिला नव्हता, की शपथ घेतली नव्हती. तिला ते नको होतं, एवढंच.

पण या कॉलेजात शनिवारी जो पीत नाही, तो सोमवारी कुणाचाच नसतो. पहिले दोन महिने ती कँटीनमध्ये एकटीच जेवायची. कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं दिसावं म्हणून फोन कानाला लावून हूं हूं करायची. एकदा तिचं हे बोलणं रंगात आलं असतानाच फोन खरोखर वाजला. शेजारच्या टेबलावर हशा पिकला. एकटी कप्तान हसली नाही. ती उठून आली आणि म्हणाली, "शनिवारी आमच्या फ्लॅटवर ये."

कप्तान म्हणजे कॉलेजातली सगळ्यात दांडगी मुलगी. चार ग्लास झाले की खुर्चीवर उभी राहून बेसूर गाणार, आणि सगळ्यांना गायला लावणार. ग्लास तीच भरायची, तेही स्वयंपाकघराचं दार लावून. "प्रमाण बिघडतं," म्हणायची. काचेचे ग्लास पहिल्याच महिन्यात फुटले, तेव्हापासून सगळे स्टीलचे आणि एकसारखे. म्हणून प्रत्येकाच्या ग्लासाला वेगळ्या रंगाचं रबर.

"आपापला रंग बघून उचला. उष्टं मला चालत नाही," हा तिचा नियम. त्यात ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. स्वतःचा ग्लास मात्र ती रुमालात गुंडाळून धरायची, हाताला गार लागतो म्हणून.

पहिल्या शनिवारी तिने विचारलं होतं, "तू काय घेणार?"

"तू जे घेतेस तेच," धाकटी घाईघाईने म्हणाली होती.

कप्तानने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि डब्यातून निळं रबर शोधून काढलं.

तेव्हापासून हे नाटक सुरू होतं. श्वास रोखायचा, ओठ घट्ट मिटून ग्लास तोंडाला लावायचा, बाहीने लगेच तोंड पुसायचं आणि कुंडीपाशी जाऊन बाहेर बघत उभं राहायचं. मग थोडं अडखळत चालायचं, फालतू विनोदांना जरा जास्तच हसायचं. अडखळायचं किती, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागे. रविवारी बाकीच्यांची डोकी दुखत आणि हिचे गाल. नाटकातल्या राजालासुद्धा पडदा पडल्यावर मुकुट काढता येतो, हिला सोमवारीही "काय चढली होती गं मला!" म्हणत कपाळ धरून बसावं लागे. ती दमली होती. अगदी मनापासून दमली होती.

आणि आज तर फ्लॅटमधली एक खोली कुणाला मिळणार, हे कप्तान सांगणार होती. धाकटीला ती खोली हवी होती. खरं तर खोलीशी तिचं काही घेणंदेणं नव्हतं. पुन्हा कँटीनच्या त्या टेबलावर जायचं नव्हतं.

"नुसतं सांगायचं नाही," जिराफने टूम काढली. ती कप्तानबरोबर त्याच फ्लॅटमध्ये राहायची, आणि उंचीइतकीच तिची जीभही लांब होती. "एका दमात ग्लास संपवायचा आणि डोक्यावर उलटा धरायचा. जिच्या केसांवर थेंब पडेल, तिला खोली नाही!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कप्तान ट्रे घेऊन आली.

"मला आज जरा मळमळतंय," धाकटी म्हणाली.

"नाटकं नकोत," जिराफ म्हणाली, आणि मोरीच्या दाराला टेकून उभी राहिली.

कप्तानने निळ्या रबराचा ग्लास धाकटीच्या हातात दिला आणि तिच्या कानाशी वाकली. "पूर्ण संपव हं. आज तरी."

म्हणजे कप्तानला कुंडीचं माहीत होतं. वर्षभर माहीत होतं आणि आज हिशेब चुकता करायचा होता. 'मी पीत नाही' हे तीन शब्द तिने जिभेवर आणून ठेवले. मग तिला कँटीनमध्ये वाजलेला फोन आठवला. शब्द तिथेच विरले.

बाबांना आई विचारायची, सुरुवात तरी कशी झाली हो? ते म्हणायचे, मित्रांसाठी.

"एक... दोन..." जिराफ ओरडली.

धाकटीने डोळे मिटले. बाबांचा चेहरा समोर आला, तो तिने बाजूला सारला, आणि त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं. तिने ग्लास ओठांना लावला आणि एका दमात आत ओतला. घसा जळायची वाट बघितली.

लिंबू होतं. साखर होती, चिमूटभर मीठ होतं. तळापर्यंत दुसरं काहीही नव्हतं.

तिने डोळे उघडले. खोलीभर डोक्यांवर उलटे ग्लास होते. लाल रबर, पिवळं, हिरवं. जिराफच्या केसांतून ओघळ आले होते आणि सगळे तिला हसत होते. समोर खुर्चीवर कप्तान उभी होती, दोन्ही हात पसरून, डोक्यावर ग्लास तोलत. रुमाल खाली पायाशी पडला होता.

तिच्या ग्लासाला निळं रबर होतं.